चांदीच्या टोपणातलं नख

आमच्या घरात एक नख होतं. होतं म्हणजे काय, अजून आहे. पण त्याचं काय झालं ते सांगायचं तर संग्रहालयाची गोष्ट सांगावी लागेल, आणि ती सांगायची तर माझी लबाडी आधी सांगावी लागेल. तेव्हा ती पहिल्यांदा सांगून टाकते आणि मोकळी होते.

नख बोटाच्या पेरापेक्षा थोडं मोठं. काळपट पिवळं, टोकाला वाकलेलं. वरच्या अंगाला चांदीचं टोपण, टोपणावर बारीक वेल कोरलेली, त्याला कडी आणि कडीत काळा दोरा. घरात मूल जन्मलं की पाचवीला सटवाईची पूजा होते. पूजा झाली की घरातली सगळ्यात मोठी बाई ते नख बाळाच्या गळ्यात बांधते. बाळ झोपेत दचकत नाही म्हणतात. दात आले की काढायचं आणि पुन्हा देवघरातल्या डबीत ठेवायचं, पुढच्या बाळापर्यंत.

हे नख आमच्या ह्यांच्या आजोबांचं. गोठ्यात शिरलेला बिबट्या त्यांनी कुऱ्हाडीनं मारला होता. आमच्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात, म्हणून आमच्या मळ्याचं नाव पडलं वाघाचा मळा. अजूनही सकाळी फुलबाजारात गुलाबाच्या जुड्या उतरवल्या की व्यापारी विचारतो, "वाघाच्या मळ्यातला माल आला का?" हे ऐकलं की आमचे हे, वय ऐंशीच्या घरात असूनही, कॉलर नीट करतात.

आता माझी लबाडी. थोरला पोटी आला तेव्हा मी बाळंतपणाला माहेरी होते, हरसूलच्या बाजूला. सासूबाई पाचवीला तिथे आल्या आणि त्यांनी स्वतःच्या हातानं नख बांधलं. जाताना एवढंच म्हणाल्या, "पोरापेक्षा जास्त जप." बाळ तीन महिन्यांचं झालं तेव्हा आईबरोबर आठवड्याच्या बाजाराला गेले. बाळ कडेवर होतं. नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, ढिगापाशी त्याच्या गळ्याला हात लावला तर टोपण होतं, दोरा होता, नख नव्हतं. टोपणात नख धरून ठेवणारी लाख सुकून भुगा झाली होती आणि नख केव्हाच गळून पडलं होतं. आम्ही दोघी मायलेकी अख्खा बाजार वाकून फिरलो. त्या पायांच्या गर्दीत काय सापडणार.

आई शेवटी म्हणाली, "रडू नको. चल." बाजाराच्या टोकाला एक माणूस जडीबुटी, साळिंदराचे काटे, मुंगसाचे केस असलं काहीबाही विकत बसायचा. त्याच्याकडे नखंही होती. आई म्हणाली, "खरं हाय का?" त्यानं शपथ घेतली. आईनं त्यातलं तसंच वाकडं, तसंच पिवळं निवडलं, बाजारातल्याच सोनाराकडून त्याच टोपणात नवी लाख भरून बसवून घेतलं आणि मला म्हणाली, "आता हे आपल्या दोघींतच." आई गेली. सोनार गेला असेल. मग ते माझ्या एकटीतच राहिलं, पन्नास वर्षं. तेच नख माझ्या तिन्ही मुलांच्या गळ्यात होतं, नातवंडांच्या होतं, आणि परवा परवा पणतूच्या गळ्यात मीच बांधलं, कारण आता घरातली मोठी बाई मी.

नातसून हौशी. तिनं बाळाचा फोटो मोबाईलवर टाकला. डोक्याला टकुचं, काजळाची तीट आणि छातीवर नख. खाली हौसेनं लिहिलं की आमच्या घराण्याचं खरं वाघनख. दुपारपर्यंत शंभर जणांनी गोड म्हटलं आणि एकानं लिहिलं, "ताई, हे खरं असेल तर गुन्हा आहे. वनखात्याचे लोक घरी येतील."

झालं. थोरला नुसता येरझाऱ्या घालायला लागला. त्यानं मोबाईलवरचा फोटो काढून टाकायला लावला, बाळाच्या गळ्यातलं नख उतरवायला लावलं, चार ठिकाणी फोन केले. कुणी म्हणालं, जुनं असलं तरी नोंद नसेल तर चालत नाही. कुणी म्हणालं, नदीत सोडून द्या. नदीचं नाव काढल्याबरोबर हे उठून उभे राहिले.

"आजाची वस्तू गंगेत टाकायची? मी जाईन जेलात. सांग त्यांना, ऐंशी वर्षांचा म्हातारा हाय, घेऊन जा म्हणावं."

"दादा, जेलात तुम्ही नाही जाणार. फोटो तिनं टाकलाय," थोरला वडलांना म्हणाला. नातसून आतल्या खोलीत रडत होती, आणि तिचं ऐकून बाळ.

मी पोळपाट-लाटणं घेऊन बसले होते. हातातली पोळी गोल होईना. मी एक वाक्य बोलले असते तर सगळं तिथेच मिटलं असतं का? नसतं, हेच तर. बाजारातल्या माणसानं खरं म्हणून शपथ घेतली होती, पण त्याच्या शपथेचं काय सांगावं. ते खरं असलं तर गुन्हा आमच्या डोक्यावर, आणि त्यात ते आजोबांचंही नाही. खोटं असलं तर गुन्हा टळला, पण मी ह्यांना पन्नास वर्षं फसवलं ते उघडं पडणार. मी दोन्हीकडून अडकले होते आणि गप्प बसणं हे एकच काम मला चांगलं जमत होतं.

थोरल्याच्या ओळखीतल्या कुणीतरी सांगितलं, विद्यापीठात प्राण्यांचं संग्रहालय आहे, तिथल्या मॅडम नुसतं बघून सांगतात. थोरल्यानं वेळ घेतली. आणि हे म्हणाले, "ती पण येईल. नख तिच्या हातानं बांधलेलं हाय, तिच्याच हातानं जाईल."

सकाळी निघताना मी नेहमीसारखं नखाला तेल लावलं, हळदकुंकू वाहिलं आणि डबी पदराच्या टोकात बांधली. गाडीत हे पुढे, मी मागे. गंगापूर रोडला सिग्नलला थांबलो तेव्हा मनात म्हटलं, आता सांगते. सिग्नल सुटला. पुढच्या चौकात म्हटलं, आता. हे थोरल्याला आजोबांची गोष्ट परत सांगत होते, त्यानं शंभरदा ऐकलेली.

"आणि वाघ मेल्यावर म्हणं आजानं त्याचा पंजा हातात धरला आन् दाबला, तवा नख बाहेर आलं. दाबल्याशिवाय दिसंनाच."

"दादा, हे तुम्ही दरवेळी वाढवता. नख काय पेन आहे, दाबल्यावर बाहेर यायला?"

"मी नाय वाढवत. आजा म्हणायचा तसं सांगतो," हे म्हणाले. पण आवाज जरा खाली आला. ही गोष्ट त्यांनाही पटत नव्हती, मला माहीत आहे. ते ती इमानानं सांगायचे, एवढंच.

विद्यापीठाच्या आवारात बोगनवेल फुलली होती. संग्रहालय म्हणजे एक लांबलचक दालन, दार जड. दाराशी मी सवयीनं चपला काढल्या. हातात डबी, डबीत हळदकुंकू, पाय आपोआप देवळात गेल्यासारखे वागले. माझं बघून ह्यांनीही काढल्या.

आतून मॅडम आल्या, पन्नाशीच्या, सुती साडी, गळ्यात चष्म्याची दोरी. "चपला घाला हो आजी, इथे फरशीवर औषधं सांडलेली असतात."

आत वास होता, डांबराच्या गोळ्यांचा आणि आणखी कशाचा तरी, दवाखान्यासारखा. दोन्ही बाजूंना काचेची कपाटं. भुसा भरलेले ससाणे, घुबडं, एक कोल्हा, बरण्यांमध्ये पिवळ्या पाण्यात वेटोळी घालून बसलेले साप. प्रत्येकाच्या पायाशी छोटी पाटी. कुठे सापडलं, कुणी आणलं. मी वाचत वाचत चालले होते, मुद्दाम हळू. एका साळुंकीच्या पाटीपाशी तर मी इतका वेळ उभी राहिले, जशी जन्मात साळुंकी बघितली नाही. थोरला म्हणाला, "आई, ती आपल्या गोठ्यावर रोज बसते."

दालनाच्या शेवटी बिबट्या होता. काचेच्या मोठ्या पेटीत, एक पाय पुढे टाकून. कातडीचा रंग उडाला होता, डोळे काचेचे. हे त्याच्यासमोर थांबले, नमस्कार केला की नुसते हात छातीशी घेतले, कळलं नाही. म्हणाले, "आजाचा यापेक्षा मोठा असंल."

मॅडमनी आम्हाला कोपऱ्यातल्या टेबलाशी बसवलं. टेबलावर मोठा दिवा आणि भिंग. डबी उघडायच्या आधीच त्या म्हणाल्या, "एक गोष्ट आधी सांगते. हे खरं निघालं तर मी ते परत तुमच्या हातात देऊन घरी पाठवू शकत नाही. मला कळवावं लागेल. तुम्ही स्वतःहून आणलंत, हे मी सांगेन, पण कळवावं लागेल. अजून विचार बदलायचा असेल तर बदला."

थोरला माझ्याकडे बघायला लागला, मी ह्यांच्याकडे. हे म्हणाले, "दे."

पदराची गाठ सुटेना. शेवटी हे वैतागून म्हणाले, "अगं, फुलांच्या हजार गाठी सोडतीस रोज," आणि स्वतः गाठ सोडली.

मॅडमनी नख भिंगाखाली धरलं आणि हसल्या. "तेल, हळद, कुंकू. किती वर्षांचं आहे हे सगळं?" मग कापसानं पुसायला लागल्या. लाल, पिवळा, काळा असा एकेक थर कापसावर उतरत होता. मला ते बघवेना. माझ्या हातचं सगळं पुसून खाली निघत होतं आणि खाली काय होतं ते मलाही माहीत नव्हतं.

"टोक घासून गेलंय. नुसतं टोकावरून नाही सांगता येणार," त्या म्हणाल्या. "बूड बघावं लागेल. टोपण काढू का?"

"नाय," हे म्हणाले.

"दादा," थोरला म्हणाला.

"नाय म्हंजे नाय. आजानं बसवून घेतलेलं हाय. शंभर वर्षांत ते निघालं नाय."

मी जमिनीकडे बघत होते. फरशीवर एक मुंगळा चालला होता, सापाच्या बरणीकडे. थोरला बोलला, "मग परत घेऊन जाऊ आणि रोज दार वाजलं की घाबरू. तुमच्या पणतूच्या आईला रात्रीची झोप नाही."

पणतूचं नाव निघालं म्हणूनच असेल, हे म्हणाले, "काढा. पण सावकाश."

मॅडमनी टोपण दिव्याजवळ धरून गरम केलं. लाख मऊ झाली. त्यांनी चिमट्यानं नख ओढलं आणि ते सुटं झालं. पन्नास वर्षांपूर्वी बाजारात माझ्या हाताला लागलं होतं तसंच रिकामं टोपण टेबलावर पडलं.

त्यांनी कपाटातून एक खोका आणला. त्यात खरं नख होतं, नंबर घातलेलं. दोन्ही शेजारी ठेवली. "हे बघा. खरं नख बुडाशी पोकळ असतं, आतल्या हाडावर टोपीसारखं बसलेलं. खालच्या अंगाला अशी खाच असते. तुमचं आतपर्यंत भरीव आहे. आणि हे ओरखडे दिसतात? कानशीचे आहेत. शिंगाचं आहे हे, बैलाचं नाहीतर म्हशीचं. छान घडवलंय, पण नख नाही. तसा लेखी दाखला मी देऊ शकत नाही, पण तुमच्या घरी कुणी येणार नाही, निश्चिंत राहा."

थोरल्यानं एवढा मोठा श्वास सोडला की खोक्यातला कापूस हलला. तो हसायला लागला. "सुटलो. दादा, तुमच्या आजोबांनी पुढच्या चार पिढ्यांची सोय करून ठेवली होती. जेल वाचलं."

मीही हसायला हवं होतं. माझी तर दोन्ही संकटं टळली होती. गुन्हा नाही, आणि कुणाला माझ्यावर संशयही नाही. घरी जायचं, चहा टाकायचा, झालं. मी उठायला लागले.

हे उठले नाहीत. नख हातात घेऊन ते बघत राहिले, मग टेबलावर ठेवलं, जरा लांब, उष्टं ताट सरकवतात तसं.

"म्हंजे आजा खोटं बोलला," ते म्हणाले.

"दादा, असं काही नाही," थोरला म्हणाला.

"गोठ्यात वाघ नव्हता. कुठल्या तरी बैलाचं शिंग घासलं आन् गावाला सांगत फिरला. त्याच्या खांद्यावर वाघाच्या पंजाची म्हणून खूण होती, ही एवढी. मी लहानपणी बोट घालून बघायचो. ती पण बैलाचीच असंल." मग थांबून म्हणाले, "पंजा दाबला म्हणं. मी पन्नास ठिकाणी सांगितलं रं हे. लोक तोंडावर हसले नाय, एवढंच."

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मी ह्यांना बाप गेला तेव्हा बघितलंय, पाटाचं पाणी तुटून बाग वाळली तेव्हा बघितलंय. असे बसलेले नव्हते बघितले. फुलबाजारात कॉलर नीट करणारा हात मांडीवर पालथा पडला होता. आणि तो मेलेला म्हातारा, ज्याला मी कधी पाहिलं नाही, त्याला माझ्यापायी माझ्यासमोर लबाड ठरवलं जात होतं, आणि मी पदराची गाठ परत बांधत उभी होते.

"अहो," मी म्हणाले. "ते नख तुमच्या आजोबांचं नाही. ते माझं आहे."

"तुझं म्हंजे?"

मग सगळं सांगितलं. नागलीचा ढीग, भुगा झालेली लाख, बाजाराच्या टोकाला बसलेला माणूस, आई. सांगताना आवाज फुटत होता, पण थांबले नाही, कारण थांबले असते तर परत सुरू झाले नसते. मॅडमनी भिंग बाजूला ठेवलं आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या. त्या बिचाऱ्यांना जायलाही जागा नव्हती, टेबल कोपऱ्यात होतं.

"आजोबांचं हरसूलच्या मातीत पडलं. ते खरं का खोटं मला नाही माहीत. पण हे ते नाही. ह्याच्यावरून त्यांना काही बोलू नका."

हे माझ्याकडे बघत होते. रागावलेले होते की काय, मला कळेना. मग थोरल्याकडे बोट करून म्हणाले, "याच्या गळ्यात हेच?"

"तीन महिन्यांचा होता तेव्हापासून."

"आन् बाकीच्यांच्या?"

"हेच."

"म्हणजे मी शिंगावर वाढलो," थोरला म्हणाला. "तरीच आई म्हणते मी बैलासारखा वागतो."

कुणी हसलं नाही.

हे उठले आणि चालत बिबट्याच्या पेटीपाशी गेले. गुडघे दुखतात, तरी काचेला हात टेकून खाली वाकले. पुढे टाकलेल्या पंजाकडे बराच वेळ बघत होते. मॅडम त्यांच्या मागे गेल्या.

"बाई, याची नखं कुणी काढून घेतली का? दिसत नाय."

"आहेत ना, सगळी आहेत. बिबट्याची नखं चालताना आत असतात, कातड्याच्या घडीत, म्हणून घासत नाहीत. लागतील तेव्हाच बाहेर काढतो. मेलेल्या जनावराचा पंजा हातात धरून बोट असं वरून दाबलं, तरच दिसतात."

हे वाकलेलेच राहिले. "दाबलं तर?"

"हो. ज्यानं पंजा हातात धरलाय त्यालाच माहीत असतं हे. आमच्या मुलांना पुस्तकात वाचूनही पटत नाही."

ह्यांनी काचेवर कपाळ टेकवलं. थोडा वेळ तसेच. मग सरळ झाले, टोपी घातली आणि थोरल्याला म्हणाले, "ऐकलंस? पेन हाय काय म्हणत होतास." बस, एवढंच. माझ्याकडे वळले नाहीत.

नख आणि रिकामं टोपण त्यांनी स्वतःच्या खिशात टाकलं. गाडीत मी मागे, ते पुढे. सगळा रस्ता मी त्यांची मान बघत आले. घरी आल्यावर नातसुनेला बातमी सांगितली, ती रडता रडता हसली, आणि मग सगळं घर बोललं, फक्त हे माझ्याशी बोलले नाहीत. तीन दिवस. चहा पाहिजे असला की खुर्चीत बसून थोरल्याला सांगायचे, "तुझ्या आईला म्हणावं, चहा." मी तिथेच चुलीपाशी, चार हातांच्या अंतरावर. मीही मग थोरल्याला सांगायचे, "तुझ्या दादांना म्हणावं, ठेवलाय." थोरला मध्ये कंटाळून म्हणाला, "मला पगार द्या आता दोघं." मला हसू यायचं नाही. जेवताना घास फिरायचा. कधी कधी मला वाटायचं, पन्नास वर्षं गप्प राहिले तर आणखी थोडी राहिले असते. मग ह्यांचं ते उतरलेलं तोंड आठवायचं, मांडीवरची टोपी आठवायची, आणि तो विचार तिथेच मरायचा.

चौथ्या दिवशी हे सकाळीच बसनं शहरात गेले, एकटेच. कुठे ते कुणाला सांगितलं नाही. दुपारी आले तेव्हा बाळाला तेल लावून मी उन्हात मांडीवर घेतलं होतं. हे समोर येऊन उभे राहिले आणि खिशातून सराफाची गुलाबी कागदाची पुडी काढली. आत नख होतं. चांदी उजळून आणलेली, टोपण बसवलेलं, दोरा नवा.

त्यांनी पुडी माझ्या हातावर ठेवली.

"तुझं हाय ना," ते म्हणाले. "तूच बांध. आन् लाख नीट बसली का बघून घे. सराफाला दोनदा सांगून आलोय."